मास्तरांची पाणबुडी

साउदॅम्प्टन, इंग्लंड
रविवार, रात्री

प्रिय बंड्या,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर बोलणं झालंच, पण शेजारी नातू मोबाइल ओढत होता, त्यामुळे सांगायचं ते राहून गेलं. म्हणून कागद घेऊन बसलोय. काल एक पाणबुडी पाहिली आणि ती पाहताना सारखा तूच डोळ्यांसमोर येत होतास.

जावयानं मला गाडीनं पोर्ट्‌समथला नेलं. तिथून छोट्या बोटीनं खाडी ओलांडली की गॉसपोर्ट. ब्रिटिश नौदलाचं पाणबुड्यांचं संग्रहालय तिथं आहे. 'अलायन्स' नावाची मोठी पाणबुडी जमिनीवर उभी करून ठेवली आहे. तिच्या पोटातलं नळ्यांचं जंजाळ पाहून माझे हात शिवशिवले, जन्मभर तेच काम केलंय ना. पण तिच्याबद्दल घरी आल्यावर सांगेन. पत्र लिहितोय ते दुसऱ्या एका होडीसाठी. तिला होडीच म्हणायचं, एवढीशी आहे ती. तिचं नाव 'हॉलंड १'. ब्रिटिश नौदलाची ही पहिली पाणबुडी, २ ऑक्टोबर १९०१ ला बॅरो गावातल्या व्हिकर्सच्या गोदीत पाण्यात सोडलेली.

लांबी किती, तर जेमतेम ६४ फूट. माझगाव गोदीत आम्ही आपल्या नौदलाची 'शाल्की' पाणबुडी बांधली ती ६४ मीटर होती. आकडा तोच, फक्त फुटांचे मीटर झाले, आणि त्याला नव्वद वर्षं लागली. आत आठ माणसं. मध्ये भिंत म्हणून नाही, खोली म्हणून नाही, संडास तर नाहीच. सगळं एकाच नळकांड्यात: पुढे टॉर्पेडोची एक नळी, पायाखाली बॅटऱ्या, मागे पेट्रोलचं इंजिन. मी आत डोकावलो आणि पहिला विचार आला तो वासाचा. पेट्रोलच्या वाफा आणि इंजिनाचा विषारी धूर त्या बंद पिंपात साठायचा. तो कळावा म्हणून पिंजऱ्यात पांढरे उंदीर ठेवत. उंदीर मलूल झाला की माणसांनी समजायचं. तरी मार्च १९०३ मध्ये आत स्फोट झालाच आणि चार जण जखमी झाले.

आता तुझी आठवण का आली ते सांगतो. ही पाणबुडी ज्याच्या डोक्यातून निघाली तो जॉन हॉलंड तुझ्यासारखा शाळामास्तर होता. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर लिस्कॅनर म्हणून गाव आहे, तिथला जन्म, १८४१ चा. बाप किनारा-रखवालीच्या नोकरीत. घरात आयरिश बोलायचे, इंग्रजी तो शाळेत शिकला. समुद्रावर जायची फार इच्छा, पण नजर अधू, म्हणून घेतलं नाही. मग मुलांना शिकवत राहिला आणि वहीत पाणबुडीची चित्रं काढत राहिला. १८७३ मध्ये अमेरिकेला गेला. तिथं बर्फावर घसरून पाय मोडला, तर अंथरुणात पडल्या पडल्या त्यानं तोच आराखडा पुन्हा काढला. १८७५ मध्ये अमेरिकन नौदलाकडे पाठवला, त्यांनी चालणार नाही म्हणून परत केला. तोवर पॅटरसन गावातल्या शाळेत त्याची मास्तरकी चालूच होती.

आणि ते आराखड्यातलं गमक! ते वाचताना मी काचेसमोर कितीतरी वेळ उभा राहिलो. तुला आठवतं, आपण सातवीत असताना तुझ्या आजोबांची धाकटी होडी न विचारता नेली होती? तळाशी घोटाभर पाणी साचलं होतं. ते उपसायला तू डबा घेऊन वाकलास आणि सगळं पाणी तुझ्या बाजूला धावलं. होडी कलली, तशी ते आणखी धावलं. दोघं पाण्यात. पाणी फार नव्हतं रे, पण ते मोकळं होतं. अर्धी घागर डोक्यावर घेऊन बाई चालली की हिंदकळते, काठोकाठ भरलेली हलत नाही, हे तुझी आईच त्या संध्याकाळी आपल्याला सांगत होती, हातात छडी घेऊन.

हॉलंडच्या आधीच्या लोकांना नेमकं हेच सुधरत नव्हतं. नॉर्डनफेल्ट नावाच्या कारखानदारानं १८८० च्या दशकात ग्रीस आणि तुर्कस्तानला वाफेच्या पाणबुड्या विकल्या. बुडण्यासाठी टाक्यांत घेतलेलं पाणी अर्धवट, ते पुढे धावलं की नाक खाली, मागे धावलं की शेपूट खाली. एक माणूस चालत पुढे गेला तरी होडीचा तोल जायचा. शिवाय हे लोक होडी आडवीच्या आडवी, लिफ्टसारखी खाली न्यायला बघत. हॉलंड मास्तरांनी ठरवलं की वजनाचा मध्य जागचा हलू द्यायचा नाही. मोठ्या टाक्या एक तर पूर्ण रिकाम्या, नाहीतर पूर्ण भरलेल्या. टॉर्पेडो सुटून गेला की त्याच्या वजनाइतकं पाणी लगेच आत घ्यायचं. आणि भरलेल्या टाक्यांनिशीसुद्धा होडी पाण्यापेक्षा किंचित हलकीच ठेवायची. मग बुडायची कशी? मोटर चालू करून, मागचे आडवे पंख वाकवून, पुढे जाता जाता नाक खाली घालायचं. आपल्याकडे गादे, म्हणजे डॉल्फिन, कसे पाण्यात शिरतात, अगदी तसं. मोटर बंद पडली तर ती आपोआप वर येणार. म्हणजे आतल्या माणसाचा जीव त्यानं आधी धरला होता. पन्नास टन लोखंड असो की शंभर टन, एवढी साधी गोष्ट कुणाच्या ध्यानात येऊ नये!

मी तीस वर्षं ट्रिमच्या, म्हणजे पाणबुडीचा तोल साधणाऱ्या, टाक्यांचे पाइप जोडले. रेषा नकाशावर असायची, आम्ही जोडायचो, दाब देऊन तपासायचो. त्या रेषेमागे कोणाचं डोकं होतं हे मला काल कळलं.

याचा पैसा कोणी दिला, ते ऐक. अमेरिकेतल्या आयरिश क्रांतिकारकांनी, फेनियन म्हणत त्यांना. इंग्रजांच्या जहाजांना तळातून भोक पाडायचं, हा त्यांचा हेतू. त्यांच्या वर्गणीतून १८८१ मध्ये 'फेनियन रॅम' तयार झाली. पुढे पैशांवरून भांडणं झाली आणि १८८३ मध्ये त्या मंडळींनी स्वतःचीच होडी रात्रीची पळवून नेली. हॉलंडनं त्यांच्याशी संबंध तोडला. सतरा वर्षांनी, एप्रिल १९०० मध्ये, अमेरिकन नौदलानं त्याची सहावी होडी दीड लाख डॉलरना घेतली. आणि त्याच वर्षी इंग्रजांनी त्याच नमुन्याच्या पाच होड्या मागवल्या. ज्यांच्याविरुद्ध ती सुचली, त्यांच्याच घरात गेली. मास्तरांना काय वाटलं असेल, हा विचार मला अजून सोडत नाही. तोवर त्यांची पाणबुड्यांची कंपनी त्यांच्या हातून गेलीच होती.

इंग्रजांनाही ती नकोच होती खरं तर. त्यांचा ॲडमिरल विल्सन म्हणाला होता की हे हत्यार लपूनछपून वार करणारं, अन्यायाचं, इंग्रजाला न शोभणारं आहे. म्हणून बांधकाम गुपचूप, सुट्या भागांवर भलतीच नावं, पाण्यात सोडताना समारंभ नाही. पण कॅप्टन बेकन नावाच्या अधिकाऱ्यानं तिच्यावर जीव लावला. मूळ आराखड्यात पेरिस्कोपच नव्हता, बघायचं तर डोकं पाण्याबाहेर काढावं लागे. बेकननं तो बसवून घेतला. त्यात समोरचं दृश्य सरळ दिसे, बाजूचं आडवं दिसे आणि मागचं चक्क उलटं! जहाज उलटं दिसलं तर ते मागे आहे. तुझ्या भिंगांच्या तासाला हे मुलांना सांग, विसरणार नाहीत.

१८ मार्च १९०४ ला सराव चालू असताना पुढची मोठी पाणबुडी 'ए १' एका प्रवासी जहाजाखाली सापडली, अकराही माणसं गेली. त्यानंतरच्या होड्यांना पाठीवरच्या मनोऱ्याच्या तळाशी दुसरं झाकण बसवू लागले. आम्ही 'शाल्की'वर झाकणांच्या वाट्या घासून घासून बसवायचो, तेव्हा साहेब ओरडायचे की घाई करू नका. आता वाटतं, किती बरोबर ओरडायचे.

'हॉलंड १' ला १९१३ मध्ये भंगारात ४१० पौंडांना विकलं. ओढून नेताना एडिस्टोनच्या दीपस्तंभाजवळ वादळात ती बुडाली. १९८१ मध्ये सापडली, पुढच्या वर्षी वर काढली. गंजरोधक लावून लोकांना बघायला ठेवली आणि दहा-बारा वर्षांत ती आतून फुटू लागली. समुद्राचं मीठ लोखंडाच्या अंगात मुरलेलं. तुझ्या पडवीचे गज आठव. दर गणपतीच्या आधी रेड ऑक्साइड मारतोस आणि दिवाळीला पोपडे. शेवटी त्यांनी संपूर्ण पाणबुडीभोवती टाकी बांधली आणि १९९५ पासून काही वर्षं तिला धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून ठेवलं. पाणी बदलायचं, मीठ मोजायचं, परत बुडवायची. आता ती कोरड्या हवेच्या दालनात आहे. पत्र्याला देवीच्या व्रणांसारखे खड्डे आहेत, पण रिव्हेटांची रांग अजून सरळ आहे. कोणीतरी हातानं तापवून ठोकलेले आहेत ते. मी काही वेळ नुसता त्यांच्याकडे बघत होतो.

हॉलंड मास्तर १२ ऑगस्ट १९१४ ला वारले, महायुद्ध तेव्हा नुकतंच पेटलं होतं. २२ सप्टेंबरला एका जर्मन पाणबुडीनं दीड तासात इंग्रजांच्या तीन क्रूझर युद्धनौका बुडवल्या, जवळजवळ साडेचौदाशे माणसं गेली. ते त्यांना पाहावं लागलं नाही.

मी पुढच्या महिन्याच्या अखेरीस येतोय. फोटो बरेच काढलेत, पेरिस्कोपचा आराखडाही उतरवून घेतलाय. तू शाळेत बाटलीत औषधाचा ड्रॉपर सोडून दाबायचास ना, वर-खाली जाणारा, ती बाटली काढून ठेव. आणि एक लांबट डबा बघ, दोन झाकणांचा, आत आडवी पट्टी बसेल असा. अर्धा भरून आणि पूर्ण भरून तळीत सोडून बघू. लोखंडाचं वजन मी लावतो.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. पडवीच्या गजांना मी येईपर्यंत रंग मारू नकोस. आधी गोड्या पाण्यानं भरपूर धुवून घे.

तुझाच,
दादू