डोस कमी करण्याआधी

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोन ठेवलास. मीही आवाज चढवला होता, म्हणून लगेच परत लावला नाही. फोनवर आपण दोघी एकमेकींना वाक्य पुरं करू देत नाही. पत्रात तरी मला सलग बोलता येईल. गोळ्यांचं विचारायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसले आहे.

"तीन वर्षं फिट नाही, ईईजी (मेंदूचा आलेख) नॉर्मल आला, मग मी गोळी अर्धी करणार," असं तू म्हणालीस. वर "शरीर माझं आहे." आहेच तुझं. माझं म्हणणं एवढंच की अर्धी करायची की नाही, हे आपल्या न्यूरोलॉजिस्ट मॅडमसमोर बसून ठरव. रात्री खोलीत एकटीने ठरवू नकोस.

ईईजी नॉर्मल आला म्हणजे आजार गेला असं नसतं. त्या अर्ध्या तासात मेंदू शांत होता, एवढंच त्यातून कळतं. आणि तीन वर्षं फिट आली नाही ती गोळ्या चालू असताना. अपस्माराचे काही प्रकार असतात, त्यांत काही वर्षं नीट गेली की डॉक्टर औषध हळूहळू बंद करून बघतात. तुझा प्रकार तो नाही. तुझ्या प्रकारात औषध थांबवलं की बहुतेकांना फिट पुन्हा येते, मधली वर्षं कितीही चांगली गेलेली असोत. शिवाय गोळी अचानक तोडली तर एकामागून एक फिट येत राहण्याचा धोका असतो. आणि सलग काही दिवस बंद ठेवलीस, तर पुन्हा एकदम पूर्ण डोसने सुरूही करता येत नाही.

बघ, लागले शिकवायला. हे सगळं तुला माझ्याआधीपासून माहीत आहे. रागावू नकोस.

मला सारखी मॅडमची पहिली भेट आठवते. तोवर जो तो मोठ्या फिटबद्दलच विचारायचा. किती वेळ चालली, दात आवळले होते का, जीभ चावली का. मॅडमनी ते सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "सकाळी उठल्यावर हातातून वस्तू पडतात का?" तू आधी माझ्याकडे पाहिलंस. मग म्हणालीस, "हो. ब्रश पडतो. पडत नाही, उडतो. कधी कंगवा." जास्त कधी होतं? "जागरण झालं की." त्यांनी आधीच्या कागदावरच्या कार्बामाझेपिनवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, हे औषध या प्रकारात झटके वाढवू शकतं. या सकाळच्या झटक्यांचं सविस्तर वर्णन यांत्स आणि ख्रिस्तियान या जर्मन डॉक्टरांनी १९५७ सालीच करून ठेवलं होतं, हेही त्यांच्याकडूनच कळलं. इतक्या वर्षांपूर्वीचं ज्ञान, पण तुझ्यापर्यंत पोचलं ते त्या एका प्रश्नातून.

म्हणून काल तू "डॉक्टरही चुकतात, पहिल्यांनी चुकीचीच गोळी दिली ना" म्हणालीस, तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आज सुचतंय. हो, दिली. पण ती चूक पकडली तीही एका डॉक्टरनेच, आणि तू ब्रशचं खरं सांगितलंस म्हणून पकडता आली. नंदूमामाने पाठवलेल्या व्हिडिओतल्या माणसाने तुला कधी पाहिलेलं नाही. तुझी सकाळ कशी जाते हे त्याला कुठून कळणार?

आणखी एक. व्हॅल्प्रोएट तुझ्या आजारावर फार चांगलं चालतं, तरी मॅडमनी ते तुला दिलं नाही. गर्भातल्या बाळाला त्याने अपाय होऊ शकतो म्हणून. तू नुकती कॉलेजात गेली होतीस, कुणाच्या मनात तसला विषयही नव्हता. त्या तुझ्या पुढच्या दहा वर्षांचा विचार करत होत्या. अर्धी करण्यामागे तुझा हाच विचार असेल (मला सांगायलाच हवं असं नाही), तर त्यांना नक्की सांग. गरोदरपणात तुझ्या आत्ताच्या गोळीचं, लॅमोट्रिजिनचं, रक्तातलं प्रमाण घटतं, डोस वाढवावाही लागतो. ते आधीपासून आखावं लागतं.

आणि तुला त्यांच्याशी बोलता येत नाही असंही नाही. आधीच्या गोळीने, लेव्हेटिरासेटामने, तुझी चिडचिड इतकी वाढली होती की दादा तुझ्या खोलीत यायला बिचकायचा. तेव्हा तूच त्यांना ठणकावून सांगितलंस, "झटके थांबलेत, पण ही मी नाही." मी बाजूला बसून घाबरले होते, आता त्या चिडतील म्हणून. त्यांनी वही ओढली आणि गोळी बदलण्याचा आठवड्यांचा तक्ता लिहून दिला. अंगावर पुरळ येऊ नये म्हणून नवी गोळी अगदी हळू वाढवायची होती. घाई करणारी माझी मुलगी तो तक्ता एकही दिवस न चुकता पाळत होती. त्या दिवसाचा मला अजून अभिमान वाटतो. डॉक्टरांवर विश्वास ठेव म्हणते तेव्हा मान खाली घालून बस असं मी म्हणत नाही. तशीच बोल.

एक गोष्ट लिहायची नव्हती. झोपेत अचानक मृत्यू येऊ शकतो हे त्यांनी तुला बाहेर न पाठवता, तुझ्यासमोरच सांगितलं होतं. अपस्मार असलेल्या मोठ्या माणसांत वर्षाला साधारण १००० मागे एक. मोठ्या फिट आटोक्यात असल्या की हा धोका बराच कमी होतो, असंही म्हणाल्या. तू शांतपणे ऐकलंस. माझ्या डोक्यात मात्र तो एक जाऊन बसला आहे, आणि तू "अर्धी" म्हणालीस की तोच वर येतो. माझी भीती हे काही तू गोळी घेण्याचं कारण होऊ शकत नाही, हे मला कळतं. पण काल माझा आवाज का चढला ते तुला माहीत असावं.

मॅडमची वेळ घे. जे मला म्हणालीस तेच त्यांना म्हण: कंटाळा आलाय, शब्द आठवत नाहीत, कमी करता येईल का. त्या नाही म्हणाल्या तर कारण विचार, पटलं नाही तर दुसऱ्या न्यूरोलॉजिस्टचंही मत घे. मी सोबत यावं असं वाटत असेल तर येईन, नको असेल तर नाही. फक्त तोवर रात्रीची गोळी आहे तशीच घे. विचारायचं नाही म्हटलं होतं, तरी लिहिलंच शेवटी.

भेटीची तारीख ठरली की कळव.

तुझी,
आई