कोणते दालन बंद आहे, तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुट्ट्या जवळ आल्या की आपल्या पुरवणीत संग्रहालयांची माहिती येते. इमारतीचे छायाचित्र, उघडण्याची वेळ, तिकिटाचा दर, साप्ताहिक सुट्टीचा वार. ही माहिती लागतेच आणि आपण ती नेमाने देता. पण ज्या गोष्टीवर सगळी भेट अवलंबून असते, ती त्या चौकटीत कधी सापडत नाही: या आठवड्यात कोणती दालने उघडी आहेत आणि त्यांत काय मांडले आहे. ते छापावे, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी शाळेत चित्रकला शिकवत असे. निवृत्त झाल्यापासून नात्यातल्या, ओळखीतल्या मंडळींना संग्रहालय दाखवायला नेते. माझ्या मावशीचा हात आयुष्यभर भरतकामावर चालला. जुन्या शालींचे काम एकदा जवळून पाहायचे, एवढीच तिची इच्छा होती. दुखरे गुडघे सांभाळत ती एका संग्रहालयाचे जिने चढली, आणि वस्त्रदालनाच्या दारावर कागद चिकटवलेला होता: दालन बंद आहे. तिकीट देताना कोणी बोलले नव्हते. संकेतस्थळावर अवाक्षर नव्हते. दालन बंद ठेवले याचा मला मुळीच राग नाही, ते योग्यच होते. आधी सांगितले नाही, याचा मात्र आजही येतो.

योग्य का, हे वाचकांना कळायला हवे. कापड, कागद, जलरंग, लघुचित्रे यांना प्रकाश सोसत नाही. उडालेला रंग परत येत नाही आणि हानी साठत जाते. प्रखर उजेडात थोडे दिवस ठेवा की मंद उजेडात पुष्कळ दिवस, वस्तूवर पडलेला एकूण प्रकाशच मोजावा लागतो. म्हणून अशा वस्तूंवर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे पडणाऱ्या उजेडाचे माप) जास्त प्रकाश पडू देत नाहीत. तैलचित्रांना २००पर्यंत चालतो. त्यामुळे वस्त्रदालनात शिरल्यावर काळोख वाटतो. दिवे लावायचा कंटाळा केलेला नसतो, डोळ्यांना थोडा वेळ द्यायचा असतो. काही महिने मांडल्यावर वस्तू पुन्हा पेटीत जाते, कधी कधी काही वर्षांसाठी. वर्तुळात आणि चौकोनात हातपाय पसरून उभ्या असलेल्या माणसाचे लिओनार्दोचे रेखाचित्र सगळ्या जगाला ठाऊक आहे. ते व्हेनिसच्या अकादेमिया संग्रहालयात आहे, पण तिथे जाणाऱ्या बहुतेकांना दिसत नाही, कारण ते क्वचितच बाहेर काढतात. ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात सुमारे ८० लाख वस्तू आहेत. एका वेळी मांडलेल्या असतात साधारण ८० हजार, म्हणजे शंभरातली एक. शिवाय काही वस्तू दुसऱ्या संग्रहालयाच्या प्रदर्शनासाठी गेलेल्या असतात, काही दुरुस्तीला. पुस्तकात पाहिलेली वस्तू आपण जाऊ त्या दिवशी समोर असेलच, असे धरून निघू नये. एक फोन करावा आणि दालनाचे नाव घेऊन विचारावे.

आता भेटीच्या आखणीबद्दल. तिकिटाचे पैसे वसूल करायचे म्हणून सगळी दालने पालथी घालण्याचा हट्ट मला पटत नाही. पाय तर दुखतातच, पण त्याआधी नजर थकते. बोस्टनच्या ललित कला संग्रहालयातले बेंजामिन गिलमन यांनी १९१६ सालीच या थकव्यावर लिहिले होते. पाटी वाचायला आणि वस्तू नीट दिसायला माणसाला काचपेटीपुढे किती वाकावे, वळावे, बसावे लागते, हे त्यांनी छायाचित्रे घेऊन दाखवले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात प्रेक्षकांची वेळ मोजली गेली आणि २००१ साली ती प्रसिद्ध झाली. नामवंत चित्रांपुढेही माणसे सरासरी २७ सेकंद थांबत होती, आणि निम्म्या लोकांनी १७ सेकंदांहून कमी वेळ दिला होता. त्यात पाटी वाचणेही आले! मी माझ्या मंडळींना घरीच पाच वस्तू निवडायला सांगते. त्या नीट पाहायच्या. बाकीच्यांपैकी वाटेत ज्या थांबवतील त्यांच्यापाशी थांबायचे, उरलेल्या पुढच्या वेळी.

नीट पाहायचे म्हणजे काय, हे वस्तूच सांगते. वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ कोरलेला दगड, खालून वर वाचायचा असतो. तळाच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, आणि टोकाला चंद्र-सूर्य. नेहमीच्या सवयीने वरून पाहायला लागलात तर कथा उलटी होते. आडवे चिनी गुंडाळीचित्र उजवीकडून डावीकडे उलगडायचे. काचेत पूर्ण पसरून ठेवले असले, तरी ते काढणाऱ्याने एका वेळी हातभर भाग पाहिला जाईल असे धरले होते. लघुचित्र हातात धरून पाहण्यासाठी केलेले, म्हणून भिंग बरोबर न्यावे. दागिन्यातले मोती आणि पापणीचा केस त्यातूनच दिसतो. जाड फटकाऱ्यांच्या तैलचित्रापासून मात्र मागे सरकावे लागते. आणि पाटी वाचताना शेवटची ओळ सोडू नका. अनेक संग्रहालयांत नोंदणी क्रमांकाचा पहिला भाग म्हणजे वस्तू दाखल झाल्याचे साल असते, आणि शेजारी ती कोणी दिली हे लिहिलेले असते. वस्तूचा इतिहास जसा असतो, तसा ती इथवर कशी आली याचाही असतो. मला तो दुसरा इतिहास पुष्कळदा जास्त बोलका वाटतो.

बाकीचे थोडक्यात. सकाळी दार उघडताना पोहोचावे. शाळांच्या सहली थोड्या वेळाने येतात. आत शिरल्यावर बरेच लोक उजवीकडे वळतात आणि पहिल्या दालनांत गर्दी करतात, त्यामुळे दूरच्या किंवा वरच्या दालनापासून सुरुवात केली तर शांतता मिळते. संग्रहालय बंद होण्याच्या वेळेआधीच आत सोडणे थांबते, ती वेळही विचारून ठेवावी. चित्रे काढणाऱ्या मुलांना पेन्सिल द्या, बऱ्याच ठिकाणी शाई चालत नाही. चाकाची खुर्ची किंवा घडीचे स्टूल मिळते का, हे ज्येष्ठांसाठी आधी विचारा.

पाठीवरची पिशवी बाहेर ठेवायला सांगितली तर वाद घालू नये, हे मात्र थोडे ठासून सांगते. २०१५ साली तैपेईतल्या एका प्रदर्शनात बारा वर्षांचा मुलगा हातात पेय घेऊन चालताना अडखळला आणि तोल सावरताना त्याची मूठ सतराव्या शतकातल्या तैलचित्रातून आरपार गेली. त्या मुलाची काही चूक नव्हती. इतक्या जवळून या वस्तू आपल्याला पाहू दिल्या जातात, एवढे मनात असले की पिशवीचा नियम जाचक वाटत नाही. दगडाला आणि धातूलाही हात लावू नये. घामातले क्षार आणि तेल तिथेच राहते आणि पितळ, कांसे त्याने गंजत जाते.

तर माझे मागणे असे. संग्रहालयांनी बंद दालनांची आणि नव्याने मांडलेल्या वस्तूंची यादी दर आठवड्याला तिकीट खिडकीपाशी आणि संकेतस्थळावर लावावी. ती त्यांच्या अभिरक्षकांकडे तयारच असते, कारण वस्तू पेटीत कधी जाणार आणि बाहेर कधी येणार हे तेच ठरवतात. आणि आपण ती मागवून वेळापत्रकाच्या चौकटीत दोन ओळींत छापावी. 'वस्त्रदालन अमुक तारखेपर्यंत बंद' ही एक ओळ. 'लघुचित्रांचा नवा संच मांडला आहे, अमुक महिन्यापर्यंत' ही दुसरी. दुसरी ओळ वाचून जे एरवी गेले नसते, तेही जातील. पहिली वाचून कोणा म्हातारीचे जिने वाचतील.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका