पाचोळा जाळू नका, ओल्या कचऱ्याला तोच हवाय

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारी लागला की पुण्यात सकाळी कुठल्याही पेठेतून नाहीतर कोथरूड-कर्वेनगर-औंधच्या गल्लीतून चालत जा, दर थोड्या अंतरावर पाचोळ्याचा एक ढीग धुमसत असतो. पिंपळ, बदाम, रेन ट्री सगळ्यांची पानगळ याच दिवसांत, आणि सोसायटीच्या झाडूवाल्याला कमिटीनी एवढंच सांगितलेलं असतं की आवार स्वच्छ दिसलं पाहिजे. तो तरी काय करणार, पानं टाकायला जागा नाही, गाडीवाले घेत नाहीत, मग काडी लावतो. त्यात पानं दवानी ओलसर असतात म्हणून नीट पेटत नाहीत, नुसता धूर होतो, आणि थंडीच्या सकाळी हवा खालच्या खाली अडकून राहते त्यामुळे तो धूर वर न जाता पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांतून घरात. दमेकरी, लहान मुलं, सकाळी फिरायला निघालेले आजी-आजोबा, सगळ्यांच्या छातीत तोच.

मला नुसती धुराची तक्रार करायची नाहीये, ती पत्रं तुमच्याकडे दरवर्षी येत असतील. मला म्हणायचंय ते असं की ज्या सोसायटीत खाली पानं जळतात त्याच सोसायटीतून रोज सकाळी बादल्या भरभरून ओला कचरा बाहेर जातो, आणि या दोन गोष्टी एकमेकींच्या शेजारी ठेवल्या की दोन्हींचा प्रश्न तिथल्या तिथे सुटतो. हे कोणी सांगत का नाही?

कारण अगदी साधं आहे. कचरा कुजवतात ते जिवाणू, त्यांना कार्बन लागतो आणि नायट्रोजन लागतो, साधारण ३० ला १ या प्रमाणात. भाजीची देठं, फळांची सालं, उरलेलं अन्न, चहाचा चोथा यात नायट्रोजन आणि पाणी भरपूर पण कार्बन कमी पडतो. वाळलेल्या पानांत उलट, कार्बनच कार्बन. म्हणून नुसता ओला कचरा डब्यात भरून ठेवला की तो दबतो, आत हवा जात नाही, पाणी सुटतं आणि घाण वास मारतो. नुसती पानं ठेवली तर ती महिनोनमहिने तशीच पडून राहतात. दोन्ही थरावर थर घातले की दीड-दोन महिन्यांत काळं, मोकळं, पावसाच्या मातीसारख्या वासाचं खत होतं.

कितीतरी जणी हौसेनी घरी कंपोस्ट सुरू करतात आणि महिन्याभरात बंद करतात, का तर वास आला, अळ्या झाल्या. दहातल्या नऊ वेळा कारण एकच असतं, कोरडं कमी पडलं. आणि मग उपाय म्हणून काय करतो आपण तर ऑनलाइन कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, वीट मागवतो, जी दक्षिणेतून कुठूनतरी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ट्रकमधून येते, आणि त्याच वेळी जिन्याखाली फुकटातली उत्तम पानं पेटवलेली असतात. कोकोपीट वाईट नाही, ज्यांच्याकडे एकही झाड नाही त्यांनी जरूर वापरावं. पण पुण्यात अशी सोसायटी फार थोडी.

करायचं कसं ते पण लिहिते, कारण नुसतं करा म्हणून कोणी करत नाही. घरासाठी एक जुनी बादली घ्या, खाली आणि बाजूंना भोकं पाडा, तळाला वीतभर पानं. रोजचा ओला कचरा बारीक चिरून टाकायचा आणि त्यावर त्याच्या दुप्पट-तिप्पट, म्हणजे वजनानी नाही, दिसायला दुप्पट, चुरलेली पानं. सुरुवातीला थोडं आंबट ताक किंवा शेणकाला शिंपडला की लवकर लागतं. चार-पाच दिवसांनी काठीनी खालवर करायचं. मूठभर घेऊन दाबून बघायचं, हात ओला झाला पण पाणी टपकलं नाही तर बरोबर. टपकलं तर अजून पानं. करड्या मोठ्या अळ्या दिसल्या तर किळस वाटते हे खरं, पण त्या बहुतेक वेळा ब्लॅक सोल्जर फ्लायच्या असतात, कचरा झपाट्यानी खातात आणि ती माशी काही आपल्या ताटावर येऊन बसत नाही.

सोसायटीसाठी तर त्याहून सोपं. लोखंडी जाळीचा कमरेएवढा गोल पिंजरा, सावलीत, मातीवर. पानगळीत त्यात पानं भरत जायची, पाणी मारायचं, पायानी दाबायचं. उन्हाळ्यात हळूहळू खाली बसतं आणि पावसाळ्यात भराभर कुजतं. आणि एक दोन गोण्या कोरडी पानं मुद्दाम झाकून बाजूला ठेवायची, ती वर्षभर घरोघरच्या बादल्यांना लागतात. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण पानं मिळतात दोन-तीन महिने आणि ओला कचरा होतो बारा महिने. आंब्याची, फणसाची पानं जाड, त्यांना वेळ लागतो, रेन ट्री आणि सोनमोहराची बारीक पानं पटकन होतात.

यात नवीन काहीच नाहीये. माझं माहेर कोकणातलं, तिकडे पातेरा, म्हणजे हाच पाचोळा, गोळा करून गोठ्यात गुरांखाली पसरतात, तो शेणामुताबरोबर खतात जातो, कलमांच्या बुडाशी घालतात. पातेऱ्याला कचरा कोणी म्हणत नाही.

आता कायद्याचं. घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ मध्ये आले, त्यात ओला-सुका वेगळा करायचा आणि उघड्यावर काही जाळायचं नाही हे स्पष्ट सांगितलं होतं, बागेतला कचरा आपल्याच आवारात वेगळा ठेवायचा हेही होतं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादानी उघड्यावर कचरा जाळला तर ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५,००० रुपये दंड ठरवला. पुणे महापालिका गांडूळ खत, सोलर, पावसाचं पाणी साठवणं यापैकी एक प्रकल्प चालू असेल तर मिळकत करात ५ टक्के आणि दोन असतील तर १० टक्के सूट देते. पण मी अशा सोसायट्या बघितल्यात जिथे बिल्डरनी बांधून दिलेल्या गांडूळ खताच्या खड्ड्यांत फुटक्या फरशा आणि रंगाचे डबे पडलेत. खड्डा आहे, सूट आहे, खत नाही. मला याचा खरंच राग येतो, कारण आपला कचरा जातो तिथे माणसं राहतात. आधी कोथरूडला कचरा डेपो होता, तिथल्या जागेवर आज मेट्रोचा डेपो आहे, आणि कचरा गेला पुण्याजवळच्या उरुळी देवाची-फुरसुंगी या गावांना. तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं वास सोसला, विहिरींचं पाणी खराब झालं, किती वेळा गाड्या अडवल्या त्यांनी. ओला कचरा हवेशिवाय ढिगात दबला की मिथेन हा पेट घेणारा वायू तयार होतो, डेपोला आगी लागतात त्यात या मिथेनचा मोठा हात असतो. मुंबईला देवनारला जानेवारी २०१६ मध्ये लागलेली आग कितीतरी जणांना आठवत असेल.

आणि कचरा घ्यायला येणाऱ्या ताई. पुण्यात कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था आहे, स्वच्छ, २००८ पासून महापालिकेबरोबर काम करते. त्या ताईंना चार पैसे मिळतात ते कोरडा कचरा विकून, ओल्यात भिजलेल्या पुठ्ठ्याला भाव येत नाही. ओलं आपल्याच आवारात जिरलं तर त्यांच्या ढकलगाडीवरचं ओझंही कमी होईल.

महापालिकेला माझी एक मागणी आहे. फेब्रुवारी ते एप्रिल प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयानी आठवड्यातून एक दिवस फक्त पाचोळ्याची गाडी फिरवावी आणि जवळच्या उद्यानात पाचोळा टाकायला एक कुंपण घातलेली जागा द्यावी. ज्यांच्याकडे पानं जास्त आहेत त्यांनी तिथे आणून टाकावी, ज्यांच्या बादलीला कमी पडतात त्यांनी तिथून न्यावी. रस्त्याकडेच्या झाडांची पानं झाडणाऱ्या कर्मचाऱ्यांनाही पेटवण्याऐवजी ती कुठे न्यायची ते लेखी सांगावं, कारण आज दंडाची भीती त्यांना आणि आदेश देणारे मात्र मोकळे.

आणि तुमच्या पेपरला एक विनंती. पानगळ सुरू व्हायच्या आधी, म्हणजे जानेवारीतच, कुठल्या भागात पाचोळ्यासाठी कोणाला फोन करायचा ते क्षेत्रीय कार्यालयवार छापा. लोक ते कात्रण लिफ्टशेजारच्या बोर्डावर लावतील, आमच्याकडे तरी मी लावीन.

आपली,
एक नियमित वाचक, पुणे