मुंग्यांची युक्ती अर्धीच नको

महोदय,

इंदुरात घरोघरी फिरणाऱ्या कचरागाड्यांचे मार्ग संगणकाने आखावेत, या मताचा मीही आहे. त्यासाठी मुंग्यांच्या वाट शोधण्यावरून घेतलेली पद्धत आहेच; संगणकशास्त्रज्ञ मार्को डोरिगो यांनी ती इटलीत 1992 च्या प्रबंधात मांडली. मुंगी चालताना गंध सोडते. जवळच्या वाटेवर ये-जा जास्त, म्हणून गंध दाट, म्हणून मागच्याही तिकडेच वळतात. खरी गंमत पुढे आहे: हा गंध उडूनही जातो. तो उडाला नाही, तर आधी सापडलेल्या बऱ्यावाईट वाटेलाच सगळ्या चिकटून बसतील.

संगणक आला की चालकाने मुकाट्याने पडदा पाहायचा, असेच बहुधा ठरते. पण मल्हारगंजच्या कोणत्या बोळात आज मांडव घातलाय, रंगपंचमीच्या गेरमुळे, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीमुळे, राजवाड्याकडे कुठपर्यंत जाता येईल, हे चालकाला आधी कळते. त्याने बटण दाबून खूण करावी, संगणकाने मागच्या गाड्या वळवाव्यात. दुसऱ्या कुणी दुजोरा दिला नाही, तर चार दिवसांत ती खूण मुंग्यांच्या गंधासारखी आपोआप पुसली जावी. नाहीतर मांडव निघाला तरी बोळातला कचरा तिथेच. महापालिकेने एखाद्या झोनमध्ये हे करून पाहायला काय हरकत आहे?

— एक वाचक, रामबाग, इंदूर