अण्णांची गोळी आणि माझे अठ्ठ्याण्णव

नाशिक,
12 जानेवारी

प्रिय दिल्या,

परवा फोनवर तू इतका तापला होतास की मला तोंडच उघडू दिलं नाहीस. म्हणून हे पत्र. निदान कागदाला तरी तू मध्ये तोडणार नाहीस.

‘एलडीएल 42 आलंय, मेंदू सुकवायचाय का म्हाताऱ्याचा?’ असं म्हणून तू अण्णांची स्टॅटिनची, म्हणजे एलडीएल हे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी परस्पर बंद केलीस. कुणीतरी पाठवलेला फॉरवर्ड वाचून! मी डॉक्टर नाही, जन्म बँकेत गेला. पण याच आकड्याने गेल्या वर्षी मला सहा महिने नाचवलं, तेव्हा थोडं ऐक.

मे महिन्यात तपासणीत माझं एकूण कोलेस्टेरॉल 98 आलं, एलडीएल 41. गोळी कसली नाही, पथ्य कसलं नाही. सोसायटीत माझा सत्कार व्हायचाच बाकी होता. ‘चालण्याचा गुण बघा,’ म्हणत होते सगळे. मीही मिशीला पीळ देऊन हिंडलो. रिपोर्टवर कसलीच खूण नव्हती रे! लॅबच्या रकान्यात फक्त ‘200 पेक्षा कमी’ असं छापलेलं असतं. वरची हद्द आहे, खालची नाहीच. साखर कमी आली तर ठळक अक्षरात येते, कोलेस्टेरॉल कितीही खाली गेलं तरी रिपोर्ट चूप.

इकडे वजन चार महिन्यांत 71 वरून 64. भूक मात्र अशी की दोन भाकऱ्यांवर थांबणारा मी चार उडवायचो. पंख्याखाली घाम, रात्री छातीत धडधड, आणि चहा ओतताना निम्मा बशीत. ही म्हणाली, ‘हे चालण्याचं नाही, दाखवून या.’ आमच्या डॉक्टरांनी रिपोर्टकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाले, हात समोर धरा. पसरलेल्या बोटांवर त्यांनी एक कोरा कागद ठेवला. कागद पिंपळाच्या पानासारखा थरथरत होता. टीएसएच (थायरॉईड ग्रंथी जास्त चालली की खाली जाणारं संप्रेरक) निघालं 0.01 च्याही खाली. थायरॉईड उधळलेलं. थायरॉईड आवरणारं औषध, कार्बिमाझोल, सुरू झालं, हळूहळू सगळं जागेवर आलं, आणि नोव्हेंबरात कोलेस्टेरॉल 176. आयुष्यात पहिल्यांदाच कोलेस्टेरॉल वाढल्याचे पेढे वाटले मी!

आता यातली गंमत सांगतो, कारण अण्णांची गोळी इथेच येते. यकृताच्या पेशींवर रक्तातलं एलडीएल पकडणारे हुक असतात, म्हणजे रिसेप्टर. ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांना 1985 साली याच कामासाठी नोबेल मिळालं. थायरॉईड जास्त झालं की हे हुक वाढतात आणि रक्तातलं एलडीएल भराभर ओढलं जातं. स्टॅटिन काय करतं? यकृतातलं कोलेस्टेरॉलचं उत्पादन कमी करतं. मग यकृताला कोलेस्टेरॉल अपुरं पडतं आणि तेही हुक वाढवतं. माझ्यात आणि अण्णांत हुक तेच वाढले. फरक एवढाच की माझे एका आजाराने न विचारता वाढवले, अण्णांचे, हृदयाच्या रक्तवाहिन्यांत दोन स्टेंट (जाळीच्या नळ्या) टाकल्यावर, डॉक्टरांनी ठरवून वाढवले. त्यामुळे ‘किती कमी आहे’ यापेक्षा ‘कुणी कमी केलं’ हे आधी विचार. मला ते कुणी विचारलंच नव्हतं.

जन्मापासून कमी असणारी माणसंही आहेत. अमेरिकेत कोहेन आणि हॉब्ज यांनी 2006 मध्ये दाखवलं की पीसीएसके9 नावाच्या जनुकात बिघाड असलेल्या कृष्णवर्णीयांचं एलडीएल 28 टक्के कमी होतं आणि हृदयविकाराचा धोका तब्बल 88 टक्के कमी. या जनुकापासून बनणारं प्रथिन ते हुक मोडायचं काम करतं. ते नसलं की हुक टिकतात. दोन्ही प्रती बिघडलेल्या एका बाईचं एलडीएल अवघं 14 होतं, आणि ती धडधाकट, लेकुरवाळी. याच धाग्यावरून पुढे इंजेक्शनं निघाली, 2015 मध्ये बाजारात आली.

उलट बाजूही आहे, ती लपवत नाही. काही मुलांत चरबी वाहून नेणारी गाडीच बनत नाही. बॅसन आणि कॉर्नझ्वाइग यांनी 1950 साली असा रुग्ण नोंदवला: तेलकट जुलाब, डोळ्यांवर परिणाम, चालताना तोल जाणं, काटेरी दिसणाऱ्या लाल पेशी. चरबीबरोबर ई जीवनसत्त्वही शरीरात पोचत नाही, नसांची वाट लागते ती त्यामुळे. फार दुर्मिळ प्रकरण. आपल्याकडे जास्त भेटतं ते टीबी, यकृताचा सिरॉसिस, आतड्यात अन्न न शोषलं जाणं, कुपोषण, कधी कॅन्सर. तिथे आजार आधी येतो आणि कोलेस्टेरॉल खातो. लोक उलटं वाचतात, की कोलेस्टेरॉल कमी म्हणून कॅन्सर झाला. साध्या तापातही आकडा घसरतो, म्हणून अंगात ताप असताना ही तपासणी करू नये.

मेंदूचं म्हणशील तर तो स्वतःचं कोलेस्टेरॉल स्वतः बनवतो. रक्तातलं तिथे जवळजवळ जातच नाही. त्या फॉरवर्डवाल्याला हे कुणी सांगावं! एक भीती मात्र अगदीच पोकळ नाही. अमेरिकेत साडेतीन लाख पुरुषांच्या पाहणीत (1989) एकूण कोलेस्टेरॉल 160 च्या खाली असणाऱ्यांत मेंदूतल्या रक्तस्रावाने मृत्यू जास्त दिसले, पण ते प्रामुख्याने रक्तदाब चढलेल्यांत. म्हणजे अण्णांच्या बीपीवर लक्ष ठेव. लोणच्याची बरणी उचलून वर ठेव, जमलं तर.

उद्याच त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन कर आणि गोळी बंद केल्याचं खरं खरं सांग, लाजू नकोस. डोस कमी करायचा की तोच ठेवायचा, ते ठरवतील. पण वजन उतरतंय का, भूक गेलीय का, जुलाब आहेत का, हे तू सांगायला हवंस. अण्णा स्वतः मरेस्तोवर सांगणार नाहीत, तुला माहीत आहेच.

रविवारी येतोय. चहा मीच ओतीन, बशी कोरडी राहते की नाही बघ.

तुझा,
सुऱ्या

ता. क. – अण्णांचे स्टेंटच्या आधीचे रिपोर्ट रद्दीत घालू नकोस. तेव्हाचं एलडीएल किती होतं तेवढं बघून ठेव, डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.