जनुकशास्त्राच्या वाटा निकालानंतर नव्हे, चवथीच्या सुट्टीत शोधाव्या लागतात

माननीय संपादक,

बीएस्सीचे निकाल लागले की गोव्यात पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो : मुलाला किंवा मुलीला जेनेटिक्समध्ये पुढे जायचे आहे, कुठे प्रवेश घ्यावा? मे-जूनमध्ये हा प्रश्न विचारेपर्यंत चांगल्या वाटांपैकी बऱ्याच बंद झालेल्या असतात, म्हणून हे पत्र.

टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि तिचे बेंगळुरूचे केंद्र एनसीबीएस यांची जीवशास्त्राची प्रवेश परीक्षा साधारण डिसेंबरात होते, अर्ज त्याआधीच मागवले जातात. आयआयटीतील एमएस्सीसाठी आणि इतर काही संस्थांतील इंटिग्रेटेड पीएचडीसाठी लागणारी ‘जॅम’ ही प्रवेश परीक्षा फेब्रुवारीत होते, तिचे अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरात भरायचे असतात. अमेरिकेतील बहुतेक पीएचडी अभ्यासक्रमांची मुदत डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात संपते, आणि तिथे तीन शिफारसपत्रे लागतात. म्हणजे शेवटच्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्याने ऑगस्ट-सप्टेंबरातल्या चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) सुट्टीतच संकेतस्थळे उघडून बसायला हवे. निकालापर्यंत थांबणाऱ्यापुढे मुख्यतः ताळगाव पठारावरचे आपले गोवा विद्यापीठ उरते. ते वाईट मुळीच नाही, पण ते निवडून घ्यावे, दुसरे काही उरले नाही म्हणून नव्हे.

विद्यापीठातील सागरी जैवतंत्रज्ञानासारख्या, केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचे साहाय्य असलेल्या अभ्यासक्रमांसाठी ‘गॅट-बी’ द्यावी लागते. तीन तासांची, 240 गुणांची परीक्षा. पहिल्या भागात बारावीच्या पातळीचे 60 प्रश्न, प्रत्येकी 1 गुण. दुसऱ्या भागात 100 पैकी 60 सोडवायचे, प्रत्येकी 3 गुण. दोन्ही भागांत चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. आपली मुले दुसऱ्या भागाची तयारी जीव तोडून करतात आणि पहिल्यात मार खातात, कारण बारावीनंतर गणित आणि भौतिकशास्त्राला हातच लावलेला नसतो. रोज अर्धा तास त्या जुन्या पुस्तकांना दिला तरी फरक पडतो.

आता पदवीच्या नावाविषयी. विकासात्मक जीवशास्त्र, म्हणजे एका पेशीपासून अख्खे शरीर कसे घडते याचा अभ्यास, या नावाची स्वतंत्र एमएस्सी भारतात क्वचितच सापडते. प्राणिशास्त्र, जैवतंत्रज्ञान, लाइफ सायन्सेस यांपैकी कशातही प्रवेश घेतला तरी चालते. विषय ठरतो तो डिसर्टेशनमध्ये, म्हणजे एमएस्सीच्या संशोधन प्रकल्पात. प्रवेशाआधी विभागात जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात : इथे कोणता प्राणी किंवा वनस्पती वर्षभर सांभाळली जाते, सूक्ष्मदर्शकावर विद्यार्थ्याला स्वतः बसू देतात का, आणि गेल्या दोन तुकड्यांतील मुले आज कुठे आहेत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना विभाग चाचरला तर पुढचा विचार करावा. डिसर्टेशन बाहेर करण्याची मुभा असेल तर पुण्याची आघारकर संशोधन संस्था किंवा आयसर, हैदराबादची सीसीएमबी, मुंबईची टीआयएफआर येथील प्रयोगशाळांना सहा महिने आधी पत्र लिहावे. पत्रात त्या प्रयोगशाळेचा एखादा शोधनिबंध वाचून त्यावर दोन ओळी असाव्यात. सगळ्यांना एकच मजकूर पाठवला तर तो सहसा उघडलाही जात नाही.

खरी उणीव मात्र बीएस्सीच्या प्रात्यक्षिकांत आहे. संकराच्या दुसऱ्या पिढीत दिसणारे मेंडेलचे 3:1 हे प्रमाण मुले जर्नलात लिहितात, मोजत नाहीत. ते जिच्यात मोजता येते ती फळमाशी, म्हणजे ड्रोसोफिला, ठेवायला फार खर्च नाही आणि तिच्यासाठी प्राणी-नैतिकता समितीची परवानगीही लागत नाही. एक लिटर खाद्याला मक्याचे पीठ 80 ग्रॅम, साखर व ग्लुकोज मिळून 60, यीस्ट 15 आणि अगर 8 ग्रॅम पुरते. शिजवून 60 अंशांपर्यंत निवल्यावर 4 मिली प्रोपिओनिक आम्ल घालायचे. उकळत्यात घातले तर ते उडून जाते, आणि आपल्या पावसाळी दमट हवेत चौथ्या दिवशी बाटलीत बुरशी धरते. 25 अंशांना माशीची पिढी साधारण दहा दिवसांत पूर्ण होते. एप्रिल-मेमध्ये खोली 32 अंशांवर गेली की नर वांझ होतात आणि संकर फसतो. त्यामुळे बीओडी इन्क्युबेटर, म्हणजे तापमान स्थिर ठेवणारे कपाट, आणि वीज गेल्यावर त्याला चालवणारा इन्व्हर्टर, एवढे तरी हवेच.

त्याहून नेहमीची चूक मादी निवडण्यात होते. कोशातून बाहेर आल्यावर 25 अंशांना आठ तासांच्या आत वेगळी केलेली मादीच संकरासाठी घ्यायची. ती फिकट असते आणि पोटावर हिरवट-काळा ठिपका दिसतो. उशीर झाला तर तिचे मीलन झालेले असते, आधीच्या नराचे शुक्राणू ती साठवून ठेवते आणि पुढची सगळी मोजणी चुकते. वेगळ्या केलेल्या माद्या तीन-चार दिवस नुसत्याच ठेवाव्यात. बाटलीत अळ्या दिसल्या तर ती बाटली बाद. हे एकदा हाताने केलेल्या मुलीला नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या ‘सी’ भागातले चार गुणांचे संकराचे प्रश्न पाठ करावे लागत नाहीत.

भ्रूण कसा घडतो ते पाहायला कोंबडीचे अंडेही असेच हाताशी आहे. दुकानातली फार्मची अंडी फलित नसतात, म्हणून गावठी किंवा हॅचरीची घ्यावीत. 37.5 ते 38 अंशांना आडवी ठेवली की 33 तासांच्या सुमारास हृदय धडधडू लागते. भ्रूण पाहण्यासाठी कवचात खिडकी कापण्याआधी बोथट टोकातून सिरिंजने 2-3 मिली पांढरा बलक काढायचा. नाहीतर कवचाला टेकलेला भ्रूणच कात्रीत सापडतो.

नोकरीबाबत स्पष्ट लिहिणे बरे. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षे महिना 37,000 रुपये आणि घरभाडे, नंतर 42,000. नियमात पीएचडी किमान तीन वर्षांची असली तरी या विषयात पाच-सहा वर्षे धरूनच घराचे गणित मांडावे. गोव्यात सरकारी महाविद्यालयात प्राध्यापकी हवी तर नेट-सेटसोबत 15 वर्षांचा रहिवास आणि कोकणीचे ज्ञान लागते. कायम जागा निघेपर्यंत अनेकांना तासिका तत्त्वावर काढावे लागते. वेर्ण्याच्या औषध कारखान्यांत प्रामुख्याने गुणवत्ता तपासणीचे काम असते आणि तिथे रसायनशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्राच्या मुलांना आधी विचारतात.

वंध्यत्व उपचार केंद्रांतील भ्रूणतज्ज्ञ ही वाट वाढते आहे. गोमेकॉतही (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) आयव्हीएफची, म्हणजे शरीराबाहेर फलन घडवण्याची, सोय झाली आहे. पण 2021 च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याखालील नियमांत भ्रूणतज्ज्ञाची पात्रता ठरवून दिलेली आहे. नुसती जीवशास्त्राची एमएस्सी पुरत नाही. क्लिनिकल एम्ब्रिऑलॉजीचे रीतसर शिक्षण किंवा प्रशिक्षण आणि मानवी भ्रूण हाताळण्याचा काही वर्षांचा अनुभव लागतो. पंधरा दिवसांच्या प्रमाणपत्रासाठी मोठी फी भरण्याआधी पालकांनी तो नियम वाचावा.

जनुकीय निदानाच्या प्रयोगशाळांत सावध हाताची किंमत असते. गुणसूत्र तपासणीसाठी रक्त हेपरिन या गोठणरोधकाच्या नळीत घ्यायचे, ईडीटीए या दुसऱ्या गोठणरोधकाच्या नव्हे, कारण ईडीटीएमध्ये पेशी नीट वाढत नाहीत. 72 तासांच्या संवर्धनानंतर पेशी फुगवण्याचे द्रावण जास्त वेळ ठेवले तर त्या फुटून गुणसूत्रे विखुरतात, कमी ठेवले तर एकमेकांवर चढतात. समुपदेशनात रस असेल तर मणिपालला जेनेटिक काउन्सेलिंगची वेगळी एमएस्सी आहे. संगणकावर जनुकीय माहिती वाचणाऱ्यांनाही मागणी आहे. पायथन किंवा आर ही संगणकभाषा बीएस्सीतच शिकायला घ्यावे.

विद्यापीठाकडे आणि उच्च शिक्षण संचालनालयाकडे दोन मागण्या आहेत. म्हापसा, फोंडा आणि मडगाव परिसरातील एकेका महाविद्यालयात फळमाशांची खोली उभी करून शेजारच्या महाविद्यालयांना तिथे प्रात्यक्षिकांसाठी वेळ वाटून द्यावी. आणि प्रत्येक विभागाने माहितीपुस्तिकेत, नावे न देता, गेल्या पाच वर्षांत किती विद्यार्थी पीएचडीला, किती नोकरीला, कोणत्या प्रकारच्या कामाला गेले ते छापावे. ही पुस्तिका जूनमध्ये नव्हे, ऑगस्टमध्ये मुलांच्या हातात पडायला हवी.

— प्राणिशास्त्राचे काही प्राध्यापक, फोंडा