अतिदक्षता रुग्ण निधीसाठी आवाहन : पोळ्याच्या आत हातभार लावा

सप्रेम नमस्कार.

पावसाळा आणि कपाशीची फवारणी एकदमच अंगावर येते. न्यूमोनिया, डेंग्यू, विषबाधा... तालुक्यातले रुग्ण धापा टाकत अतिदक्षता विभागात दाखल होतात, आणि आपल्या निधीत या घडीला खडखडाट आहे.

२०२१ च्या एप्रिलमध्ये सिलिंडरसाठी लोक जळगाव-धुळे पालथं घालत होते, तेव्हा जिनिंगवाल्या अप्पांनी स्वतःची पिकअप चालकासह मंडळाच्या दारात उभी केली आणि डिझेलचे पैसेही घेतले नाहीत. बाजारपेठेतले दुकानदार, गुरुजी मंडळी, सुरतेला कामाला असलेली आपली पोरं, सगळ्यांनी सढळ हाताने दिलं. केळीच्या गाड्या भरणाऱ्या भावांनी दिवसाची मजुरी दिली. एका आजीने कानबाईसाठी साठवलेले पैसे रुमालाच्या गाठीसकट टेबलावर ठेवले. गाठ इतकी घट्ट होती की खजिनदारांना दातांनी सोडवावी लागली. या सगळ्यांचं ऋण मंडळ कधी विसरणार नाही.

गेल्या वर्षीच्या आवाहनाला मात्र थंड प्रतिसाद मिळाला. मिरवणुकीच्या डीजेची वर्गणी एका संध्याकाळी जमते आणि श्वासासाठी दारोदार फिरावं लागतं, हे मनाला लागलं.

काही दाते विचारतात, महागडी अँटिऑक्सिडंट इंजेक्शनं का घेऊन देत नाही? एक्सरेत दोन्ही फुप्फुसं पांढरी दिसली (डॉक्टर या आजाराला एआरडीएस म्हणतात) की नातेवाईक त्यासाठी दागिने मोडायला निघतात, म्हणून स्पष्ट लिहितो. सुजलेल्या फुप्फुसात तयार होणारी ऑक्सिडंट द्रव्यं वायुकोशांचं अस्तर जाळतात, आत पाणी झिरपतं आणि प्राणवायू रक्तात पोचत नाही. एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन हे असंच एक अँटिऑक्सिडंट औषध शरीरातलं ग्लुटाथायोन, म्हणजे ऑक्सिडंटना निष्प्रभ करणारं द्रव्य, भरून काढतं, त्यामुळे आशा रास्त होती. पण या आजारात त्याने मृत्यू कमी होतात असं चाचण्यांतून सिद्ध झालेलं नाही. २०१३ च्या एका चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या १,२०० हून अधिक रुग्णांत सेलेनियम, जस्त आणि व्हिटॅमिनांचाही उपयोग झाला नाही. पॅरासिटामॉलच्या विषबाधेत मात्र एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन यकृत वाचवतं. तिथे डॉक्टरांनी लिहून दिलं की मंडळ लगेच देतं, पुढेही देईल.

त्याच २०१३ साली फ्रान्समधल्या चाचणीत एआरडीएसच्या अतिगंभीर रुग्णांना रोज १६ तासांहून अधिक पालथं ठेवलं, तर २८ दिवसांतले मृत्यू निम्म्यावर आले. यात औषध काहीच नाही. पण नळ्या सांभाळून रुग्ण पालथा करायला एका वेळी चार-पाच माणसं लागतात, आणि रात्रपाळीला तीच कमी पडतात. म्हणून यंदा पैसा रात्रीच्या जादा मदतनिसांना, ऑक्सिजनला, रुग्णवाहिकेला आणि सरकारी योजनेचे कागद जुळेपर्यंतच्या तपासण्यांना जाईल.

किमान २ लाख रुपये हवे आहेत. रोख किंवा चेक मंडळाच्या कार्यालयात सायं. ६ ते ८ (रविवारी सकाळी), चेक मंडळाच्याच नावाने, क्यूआर कोड फलकावर, पावती जागेवर. रात्रपाळीला येऊ शकणाऱ्या तरुणांनीही नाव नोंदवावं, शिकवण्याचं डॉक्टरांनी कबूल केलं आहे. पोळ्याच्या आत या.

आपला,
सचिव